आगीचा मान

आमच्या गावात माणूस मेला तर गाव लगेच मान्य करतं. आजारी पडला तर मात्र पुरावा मागतं. आणि गावानं एकदा ज्याला मर्द म्हटलं, त्याला तर आजारी पडायची परवानगीच नाही. हे मी रागानं लिहितो आहे. राग झाकून लिहायची कला मला कुणी शिकवली नाही, आणि आता शिकायची इच्छाही नाही.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. वर ठळक मथळा, मधे अन्याय, खाली मागण्या. हातानं नकला करायच्या आणि आठवड्याच्या बाजारी जवळा बाजार गावात शेंगांच्या पोत्याआडून वाटायच्या. काकांवर पत्रक लिहायला मी कितीदा तरी बसलो, जमलं नाही. पत्रकाला एक शत्रू लागतो. इथं बोट कुणाकडं करायचं? शेठ होताच, पण तो एकटा नव्हता. सगळं गाव मिळून एका माणसाचा श्वास घेत होतं, आणि हार घालून घेत होतं.

काका म्हणजे माझे सख्खे चुलते. वडील मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून मी काका-काकूंच्या घरात वाढलो. त्यांना लेकरू नव्हतं. जे काय होतं ते मीच.

मी शाळेत असताना गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या शेठच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आग लागली. सुगी जोरात होती. सरकी काढलेला कापूस दाबून, लोखंडी पत्त्यांनी आवळून बांधलेल्या गाठी वखारीत छतापर्यंत रचलेल्या. वसमतच्या स्टेशनाकडं गाड्या लागायच्या होत्या. इंजिनाच्या खोलीतून ठिणगी उडाली म्हणतात. आगीसाठी म्हणून बांधलेला हौद कोरडा होता. शेठचा मुनीम त्यात तूर वाळत घालायचा. पत्रक असतं तर हे वाक्य मी ठळक अक्षरांत काढलं असतं.

कापसाची आग गवतासारखी नसते. गवत भडकतं आणि संपतं. कापसाची गाठ वरून विझते आणि आत धुमसत राहते. पाणी ओतलं तर वरचा थर भिजतो, आतल्या आगीला पांघरूण मिळतं. म्हणून गाठ ओढून बाहेर काढायची, पत्त्या तोडायच्या, हातानं फोडायची आणि पोटातली आग मातीनं दाबायची. एकेक करून. जिनाच्या भिंतीला लागूनच खालच्या आळीची छपरं होती आणि वारा तिकडंच होता. गाठी तशाच सोडल्या असत्या तर अर्धं गाव गेलं असतं.

चौघं आत गेले. काका, गावचा पिंजारी, ज्याला आम्ही सगळे चाचा म्हणतो, आणि जिनातले दोन हमाल. कुणी पाठवलं नव्हतं त्यांना. तोंडाला ओल्या धोतराचा फडका, बस. बाकी गाव बाहेर रांग लावून घागरी देत होतं. ज्वाळा पहिल्याच दिवशी दबल्या; पण गाठी धुमसतच राहिल्या आणि पुढचा बाजार भरून उठला तरी हे चौघं वखारीतच होते. बाहेर येत, काळं थुंकत, पाणी पीत, पुन्हा आत जात.

आग विझली. शेठनं चौघांना फेटे बांधले आणि गुळाची एकेक ढेप दिली. गुळानं धूर कापला जातो म्हणून. शेठचं काम संपलं. पण गावाचं मन तेवढ्यानं भरेना. पंच मारुतीच्या पारावर बसले आणि त्यांनी ठरवलं, की आग यांचं ऐकते. आगीवर यांचा हुकूम चालतो. तेव्हा गावची होळी यापुढं काकांच्या हातून पेटेल आणि होळीतला पहिला नारळ चाचांना मिळेल. पाटलांच्या घराण्यातला मान उचलून त्यांनी आमच्या घरात ठेवला. काकूनं त्या दिवशी पुरण घातलं. मी शाळेत छाती काढून फिरलो.

पुढं काय झालं ते एका दिवसात झालं नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही.

काकांचा खोकला त्या थंडीत गेला नाही, उन्हाळ्यात गेला नाही, पाऊस पडून गेला तरी गेला नाही. चढावर ते थांबू लागले. आधी बैल दमला म्हणून थांबत, नंतर बैल दमलेला नसला तरी. दोन हमालांपैकी एक खंगून गेला, दुसरा गाव सोडून कुठं गेला कळलं नाही. गावानं म्हटलं, हमालच ते, अंगात काय असणार.

छातीचं तरी ऐकू येत होतं. दुसरं जे होतं ते फक्त आमच्या घरात दिसत होतं. काकांनी कापूस पेरायचा सोडला. काळी भुई, कापसाचं रान, आणि हा माणूस ज्वारीवर ज्वारी घेतोय म्हणून भावकी हसायची. कडब्याच्या गंजीत ते कोपरापर्यंत हात घालून उभे राहत. आत ऊब लागते का बघत. जेवता जेवता नाक वर करत आणि म्हणत, कायतरी जळून राहिलंय. काकू म्हणायची, जळून राहिलंय ते चुलीतलं लाकूड, भाकर त्याच्यावरच होते. एखाद्या दिवशी ते उठून सरळ चुलीत तांब्या ओतायचे. भाकरी तव्यावर अर्धी, राख भिजलेली, घरभर ओला धूर, आणि त्या धुरानं पुन्हा काकांचीच छाती धरलेली.

"लोकाच्या घरची आग इझवली तर फेटा मिळाला," काकू म्हणायची, "माझी इझवून काय मिळतंय तुमाला?"

काका तिला दुसऱ्या दिवशी गोवऱ्या फोडून देत. पेटवत मात्र नसत.

आता यात आणखी एका शहाणपणाची भर. होळी ज्याच्या हातून पेटते त्याची फुंकर भाजलेल्यावर घातली की फोड येत नाही, असं बायकांनी ठरवलं. कुणी ठरवलं, कधी, विचारू नका. एक बाई कढत आमटी सांडलेलं लेकरू घेऊन यायची आणि काका, ज्यांना स्वतःला पुरेल एवढा वारा छातीत उरला नव्हता, ते त्या लेकराच्या मांडीवर फुंकर घालत बसायचे. लेकरू रडायचं थांबे. बाई पसाभर दाणे ठेवून जाई. मग काका भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून बसत आणि त्यांचे ओठ जांभळे पडत. मी म्हटलं, हे बंद करा. काका म्हणाले, लेकराला बरं वाटतं. मी म्हटलं, आणि तुमाला? ते म्हणाले, मला काय झालंय?

हेच ते. मला काय झालंय. या तीन शब्दांवर मी डोकं आपटून घेतलं आहे.

गावात कुठं गंजी पेटली, कुठं छप्पर पेटलं, की पहिली हाक काकांना. आग त्यांचं ऐकते ना. ते जात. मी म्हणे, गावात तरणे पोर मेले का? काका फडका भिजवता भिजवता म्हणत, त्यांना कळत न्हाई आत कुठं राहती ती. परत येऊन पाठ टेकता येत नसे त्यांना. बसल्या बसल्या झोपत.

चाचांचं तेच. पण चाचांना पळायलाच जागा नव्हती. पिंजाऱ्यानं धनुकली वाजवली की कापसाचे तंतू उडणारच आणि नाकात जाणारच. तोच धंदा, तीच भाकरी. ते आमच्या ओट्यावर येऊन बसत, दोघं आळीपाळीनं खोकत आणि चाचा म्हणत, "भाऊ, शेठच्या सगळ्या गाठी आपण फोडल्या बराबर. दोन तेवढ्या राहून गेल्या. एक तुमच्यात, एक माझ्यात."

काका हसत. मला हसू येत नसे. मी तोवर परभणीला जाऊन आलो होतो, सभा ऐकल्या होत्या, जुलूम कशाला म्हणतात ते शिकून आलो होतो. आणि माझ्या डोळ्यांपुढं जुलूम ओट्यावर बसून विनोद करत होता.

मी शेठकडं गेलो. म्हटलं, तुमच्या वखारीत गेलेल्या दोन माणसांचा इलाज तुम्ही करा, हैदराबादेला मोठ्या दवाखान्यात न्या. शेठ माणूस गोड. मला बसवलं, चहा दिला. मग म्हणाला, "तुमचे काका? काय बोलता. परवाच्या शिमग्याला मी बघितलं की. सगळ्यांच्या पुढं उभे, हातात टेंभा. आमी लांबून डोळे पुसत होतो धुरानं, आन् ते हललेसुदिक न्हाईत. असा माणूस दाखवा मला गावात."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मान हाच त्यांच्या तब्येतीचा दाखला झाला होता. वर्षातून एकदा हा माणूस सगळ्या गावासमोर आगीजवळ ताठ उभा राहतो, तर त्याला धुराचा आजार कसला? कोण मानेल? तालुक्याच्या डॉक्टरकडं मी त्यांना गाडीत घालून नेलं, तर डॉक्टरनं काय होतंय म्हणून विचारलं आणि काका म्हणाले, काय न्हाई, पोरगं घेऊन आलं म्हणून आलो. डॉक्टरनं नळी लावली, म्हणाला, फुप्फुसं खराब आहेत, धुरापासून लांब राहा. झोपेचं, चुलीत पाणी ओतण्याचं मी सांगायला गेलो तर काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो. डॉक्टरनं लाल औषध दिलं. ते काकूनं भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

चळवळीतल्या माझ्या सोबत्यांना सांगितलं. ते म्हणाले, अरे, खोकल्यावर कसली पत्रकं काढतोस? निजामाचं राज्य जाऊ दे, मग दवाखानेच दवाखाने. एकानं सुचवलं, तुझ्या काकांच्या शौर्यावर लिही, तरुणांना चेव येईल. मी त्याला काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. आता राज्य जाऊनही काही महिने झालेत. तेच सोबती आता म्हणतात, जरा घडी बसू दे.

शेवटी पाटलांकडं गेलो. म्हटलं, काकांना मोकळं करा, मान दुसऱ्याला द्या. पाटील वाईट माणूस नव्हते. म्हणाले, बाबा, दिलेला मान आमी काढून घेतला तर तो अपमान होतो. त्यानं स्वतः येऊन म्हणावं, मला झेपत न्हाई, मी आजारी हाये. लगेच सोडतो.

म्हणजे सगळी गोष्ट येऊन अडली ती एका माणसाच्या तोंडावर. शेठ म्हणतो तो आजारी दिसत नाही, डॉक्टरला तो सांगत नाही, पंच म्हणतात त्यानं सांगावं. आणि त्यानं सांगितलं नाही तर तो मरणार, हे मला चाचांकडं बघून, त्या खंगून गेलेल्या हमालाला आठवून स्पष्ट दिसत होतं.

मी काकांशी भांडलो. असा भांडलो की काकू मधे येऊन उभी राहिली. काका म्हणाले, "पुढारी, तुला मान मागत फिरावं लागतं. मला बसल्या जागी मिळाला. म्या का टाकू?"

"तो मान न्हाई, तुमच्या छातीवरचा धोंडा हाये."

"आसंल. पर धोंडा काढला तर खाली काय उरतंय? ज्वारी पेरणारा एक येडा, रोज बायकोची चूल इझवणारा. मान हाये तवर लोक आसं म्हणत न्हाईत."

माझा राग आणखी वाढला. त्यांना सगळं दिसत होतं तर.

निजामाचं राज्य गेलं त्या आधीचा शिमगा. त्या साली पोरांना लाकूड मिळालं नाही. सगळीकडून गोवऱ्या आणि एरंडाची फांदी आली, पण होळी भरेना. म्हणून त्यांनी शेतांतून पऱ्हाट्या उपटून आणल्या, कापसाची वाळकी झाडं, भारेच्या भारे. उशिरा फुटलेल्या बोंडांतला कापूस कुणी वेचलाच नव्हता. तो तसाच लोंबत होता. होळी लांबून पांढरी दिसत होती. मला ती दिसली. मला काही वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

दिवस मावळायला हलगी वाजली. काका नेहमीसारखे पुढं. फेटा बांधलेला, तोच. त्यांनी होळीभोवती पाण्याची धार फिरवली, नमस्कार केला, टेंभा लावला. खालच्या पऱ्हाट्या तडतडल्या आणि कापूस पेटला. पेटला म्हणजे भडकला नाही, धुमसला. तो वास जिनाच्या आगीनंतर मी पहिल्यांदाच घेत होतो.

लोकांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकली. त्या गलक्यात काका टेंभा टाकून खाली वाकले आणि त्यांनी होळीत दोन्ही हात घातले. एक भारा ओढून काढला. दुसरा ओढला. ते ओरडत होते, पाणी आना, आत पेटलीय, पत्त्या तोडा. शिमग्यात माणूस सोंग आणतोच. लोक हसले. हलगीवाल्यानं आणखी जोर धरला. काका खोकत होते, ओढत होते आणि बोंब मारणारी माणसं त्यांना शाबासकी देत होती.

बायकांच्या घोळक्यातून काकू काहीतरी ओरडत होती; ऐकू कुणाला येणार?

चाचा नारळासाठी पलीकडच्या बाजूला उभे होते. ते आधी हसत होते. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी खांद्यावरचं फडकं तोंडाला बांधलं आणि सरळ येऊन काकांच्या समोरच्या भाऱ्याचं दुसरं टोक धरलं. थांबा म्हणाले नाहीत. ओढू लागले. मीही धावलो, तर चाचांनी मानेनंच मला मागं केलं. दोघांनी मिळून सगळी होळी उपसली, भारे पसरले, पायांनी माती लोटली. हलगी कधी थांबली मला कळलं नाही.

"भाऊ, ही शेवटची," चाचा म्हणाले. "बाकीच्या म्या हात घालून बघितल्या. थंड हायेत."

"समद्या?"

"समद्या. गाव बचावलं. चला भाईर."

काका बाहेर आले. म्हणजे जिथं होते तिथंच दोन पावलं मागं आले आणि बसले. हात भाजले होते. तेव्हा त्यांनी आजूबाजूला बघितलं, पारावरची माणसं बघितली आणि आपण कुठं आहोत ते त्यांना कळलं. तो चेहरा मला कुठल्याच मथळ्यात बसवता येणार नाही.

पाटलांनी उरल्या गोवऱ्या रचून स्वतः होळी पेटवली. पेटवावीच लागते. आणि दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. मला वाटलं, आता तरी. आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. बैठकीनं निवाडा दिला, की काकांच्या अंगात होळीमाय आली. पुतण्या घरात आहे तर होळी पेटवायचा मान आता त्याच्याकडं, म्हणजे माझ्याकडं यावा. कारण अंगात येणाऱ्या माणसानं होळी पेटवायची नसते, त्याच्या पाया पडायचं असतं. मी उभा राहून म्हटलं, मान विहिरीत टाका आणि वर दगड टाका. एका म्हाताऱ्यानं शांतपणे म्हटलं, रक्त गरम हाये, हाच बराबर.

असल्या गावाचं काय करायचं सांगा.

तिसऱ्या दिवसापासून आमच्या दारात लोक. नारळ, लिंबू, हळद-कुंकू. कुणाची म्हैस दूध देत नाही, कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत. काका आत बाजेवर, हाताला कोरफडीचा गर बांधलेला, श्वास घरघरतोय. आणि बाहेर ओट्यावर ऊद पेटवायची तयारी चाललेली. चाचा तिथंच बसले होते. मी सगळ्यांना हाकलून द्यायला उठलो, तोंडात एक पूर्ण भाषण होतं. पण काकू माझ्या आधी दारात आली. हातात खराटा होता, तिनं तो उगारलाही नाही.

"हे देवाचं न्हाई," ती म्हणाली. "धुराचं हाये. माझा मानूस रातरात बसून काढतो. माझ्या चुलीला भितो. त्याला पाया पडून काय व्हनार हाये?"

एक बाई म्हणाली, असं बोलू नये, माय कोपते.

तेव्हा आतून आवाज आला. बारीक, मधे दम घेत घेत, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"ती खरं बोलून राहिली. मी आजारी हाये. लई वरसांपासून हाये. मला भ्या वाटतं आगीचं. जा आता घरी."

मी वाट बघत होतो, की आता कुणीतरी हसेल, कुणीतरी त्यांना वेडा म्हणेल. ओट्यावरची म्हातारी नारळ मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, मग औषध काय घेता?

काका म्हणाले, लाल पानी हाये एक, देवळीत.

त्यानं काय होतंय, अडुळसा घ्या, म्हातारी म्हणाली. दुसरी म्हणाली, अडुळसा कडू लागतो, मधात घ्या. आमच्या थोरल्याला तसंच होतं. तिसऱ्यानं शेळीचं दूध सांगितलं. चौथा म्हणाला, त्याची शेळी व्याली आहे, तो पाठवून देईल. कुणाचा मामा रात्री दचकून उठायचा, त्याला अंगणात बाज टाकून झोपवलं होतं, त्याचं निघालं. लोक चपला काढून ओट्यावर नीट मांड्या घालून बसले. उदाचं निखाऱ्यांचं पात्र कुणीतरी दूर सारलं. काकू दाराला टेकून ऐकत होती, आणि आतून काका विचारत होते, किती दिवस घ्यायचं, उपाशीपोटी का जेवून. माझं भाषण तोंडातच राहिलं. शेठनं अजून एक छदाम काढलेला नाही, हौदात अजून तूर वाळते आहे, माझ्या मागण्यांपैकी एकही मान्य झालेली नाही. आणि इथं सगळं गाव वैद्य होऊन बसलं होतं.

तेवढ्यात एक बाई पदर सावरून पुढं सरकली आणि खात्रीनं म्हणाली, छाती भरली असंल तर एकच उपाय. निखाऱ्यावर ओवा टाकायचा आणि त्याची धुरी घ्यायची.

मी कपाळावर हात मारला. चाचांनी आतल्या बाजूला तोंड करून म्हटलं, "घेता का भाऊ, आणखी थोडा धूर?"

काका हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला, आणि या वेळी ते तो दाबायला भिंतीकडं वळले नाहीत.